गोदाम भरलेले, किल्ली हरवलेली!

गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्याची तयारी भर उन्हाळ्यात करावी लागते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडचा पुराच्या दिवसांत बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. त्यामुळेच नवसंजीवनी योजनेखाली दुर्गम गावांना पावसाळ्यातील धान्य आगाऊ पोचते करण्याची पद्धत पडली. नदी चढल्यावर धान्याचा ट्रक निघून उपयोग नसतो, एवढे साधे शहाणपण त्यामागे आहे.

धान्याच्या बाबतीत पाळले जाणारे हे शहाणपण संगणकाच्या बाबतीत मात्र सहसा पाळले जात नाही. २००० च्या दशकात सात-बाराचे संगणकीकरण झाले, तेव्हा तालुक्याची माहिती तहसील कार्यालयातील संगणकावरच साठवली जात असे. पुढे ती मध्यवर्ती व्यवस्थेकडे गेली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला. तरीही सर्व काही दूरच्या केंद्रात गेले आहे, असे नाही. रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे, शाळेतील संगणक कक्ष, सीसीटीव्हीचे चित्रण, सिंदेवाही-मूल पट्ट्यातील राईस मिलचे हिशेब अशी कितीतरी कामे आजही खोलीच्या कोपऱ्यात गुणगुणणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर चालू शकतात. या सर्व्हरमधील माहितीची प्रत ठेवावी, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण तो सर्व्हर ज्या चिमुकल्या तुकड्याच्या आधारे सुरू होतो, त्याची आठवण कोणाला होत नाही. तो तुकडा बंद पडला की माहिती शाबूत असूनही हाती काही लागत नाही. गोदाम धान्याने भरलेले आहे, पण कुलपाची किल्ली हरवली आहे, अशी ती अवस्था असते.

यंत्र जागे कसे होते?

सर्व्हर म्हणजे काही निराळ्या जातीचे यंत्र नव्हे. अनेक संगणकांना एकाच वेळी सेवा देणारा तो एक संगणकच असतो. त्याची कळ दाबली की मुख्य पट्टीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा साठवलेला छोटा प्रोग्रॅम प्रथम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. हा प्रोग्रॅम प्रोसेसर, स्मृती आणि जोडलेली उपकरणे तपासतो आणि मग एक यादी पाहतो. 'आधी कोणत्या साधनाकडे जायचे, ते न मिळाल्यास कोणत्या,' हे सांगणारी ही यादी म्हणजे बूट ऑर्डर. यादीतील साधनावर बूटलोडर नावाचा आणखी एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणून ठेवतो. हा गाभा जागा झाला, की मग तो माहितीच्या मोठ्या डिस्क ओळखतो, जाळे जोडतो आणि सेवा सुरू करतो.

'बूट' हा शब्दही याच प्रवासातून आला आहे. पायातल्या बुटाची पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, तसा निद्रिस्त संगणक स्वतःच स्वतःला उठवतो, अशी त्यामागची कल्पना. ज्या साधनावर हा बूटलोडर व कार्यप्रणाली असते, ते बूट साधन. ते एखादी साधी हार्ड डिस्क असू शकते, च्युइंगगमच्या पट्टीएवढे एम-टू प्रकारचे एसएसडी असू शकते, मदरबोर्डवरच खोचलेला पेन ड्राइव्ह असू शकतो किंवा नखाएवढे मेमरी कार्ड असू शकते.

बूट साधन माहितीपासून वेगळे ठेवण्यात सोय आहे. कार्यप्रणाली बदलायची झाली, तर माहितीच्या डिस्कला हात लावावा लागत नाही. मोठ्या डिस्कसाठी असलेली जागा माहितीसाठी मोकळी राहते आणि खर्चही वाचतो. म्हणूनच अनेक वर्षे सर्व्हर बनविणाऱ्या कंपन्या यंत्राच्या पोटातच मेमरी कार्डाची जागा ठेवत असत. मात्र या सोयीमुळेच लाखमोलाच्या माहितीचे दार सगळ्यांत स्वस्त वस्तूच्या हाती गेले.

माहिती सुरक्षित असूनही

दार बंद होणे म्हणजे काय, हे १९ जुलै २०२४ रोजी सर्व जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे विंडोज कार्यप्रणालीचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले आणि पुन्हा सुरू होईनात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशा संगणकांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

त्या दिवशी कोणाची डिस्क जळाली नव्हती की कोणाची माहिती चोरीला गेली नव्हती. यंत्र जागे होण्याच्या वाटेवर एक चुकीची फाइल आडवी आली, एवढेच. सदोष फाइल कंपनीने काही तासांतच मागे घेतली. पण जे संगणक सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचणार कशी? अनेक ठिकाणी तंत्रज्ञाला प्रत्येक यंत्रासमोर बसून हाताने फाइल काढावी लागली. ज्यांच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या, त्यांना त्याआधी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक शोधावा लागला. हा क्रमांक जिथे साठवला होता तो सर्व्हरच बंद असेल, तर अडचण दुप्पट होणार हे उघड आहे.

महानगरात तंत्रज्ञ तासाभरात यंत्रापर्यंत पोचू शकतो. नागपूरहून भामरागड सुमारे साडेतीनशे किलोमीटर. वाटेत पूर असेल, तर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ राहत नाही.

झीज, ऊन आणि वीज

मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह आणि एसएसडी या तिघांचाही गाभा फ्लॅश स्मृती हाच असतो. तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म घरात विद्युतभार कोंडून माहिती साठवली जाते. घर पुसून पुन्हा लिहिताना भिंतीला थोडा चरा पडतो. एका घरात तीन बिट साठविणाऱ्या, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात साधारण एक ते तीन हजार वेळा पुसणे-लिहिणे झाले की घर निकामी होऊ लागते. चांगल्या एसएसडीमध्ये हा भार सर्व घरांवर सारखा वाटून देण्याची व्यवस्था असते. स्वस्त कार्डात ती कच्ची असते. फोटो साठविण्यासाठी बनविलेल्या कार्डावर रात्रंदिवस नोंदी लिहिणारी कार्यप्रणाली बसवली, तर काय होणार हे सांगायला नको.

दुसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जाणे नवे नाही. बाहेर एवढे तापमान असताना पत्र्याच्या किंवा बंद खोलीतल्या यंत्राच्या पोटात ते याहूनही अधिक असते. उष्णतेने कोंडलेला विद्युतभार लवकर गळतो. या क्षेत्रात जगभर मान्य असलेले जेडेक संस्थेचे मानक पाहा. लेखनाची मर्यादा संपत आलेल्या, वीज न दिलेल्या एसएसडीने घरगुती वापराच्या प्रकारात ३० अंशांना एक वर्ष, तर सर्व्हरसाठीच्या प्रकारात ४० अंशांना तीन महिने माहिती टिकवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. नव्या साधनात माहिती यापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते. तरीही झिजलेले कार्ड 'राखीव' म्हणून कपाटात टाकून दोन उन्हाळ्यांनंतर ते चालेल अशी आशा धरणे धोक्याचे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

तिसरा शत्रू अवचित जाणारी वीज. लिहिणे चालू असतानाच वीज गेली, तर अर्धी नोंद जुनी आणि अर्धी नवी राहते. आधुनिक फाइल व्यवस्था अशा अर्धवट नोंदी सावरू शकतात. परंतु साधे कार्ड स्वतःच्या आतील नकाशा बदलत असेल आणि त्याच क्षणी वीज गेली, तर सारे कार्डच वाचता येत नाही. सर्व्हरसाठी बनविलेल्या अनेक एसएसडीमध्ये छोटे कपॅसिटर असतात. वीज गेल्यावर हातातले लेखन पुरे करण्याइतकी ऊर्जा ते देतात. पेन ड्राइव्हमध्ये ही सोय नसते.

चौथे कारण तर इतके क्षुल्लक, की त्याकडे लक्षच जात नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. यंत्राची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि अनेक यंत्रांत काही मांडणी सांभाळणे, हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपला की वीज गेल्यानंतर यंत्र बूट ऑर्डर विसरू शकते आणि पडद्यावर 'बूट साधन सापडत नाही' असा संदेश येतो. साधन जागेवर असते, शाबूत असते. यंत्राला फक्त पत्ता आठवत नाही. असा संदेश पाहून घाईने नवे कार्ड बसविणारे आणि जुने फेकून देणारे महाभाग कमी नाहीत.

मेलेले कार्ड, चालता सर्व्हर

बूट साधनाचा सर्वांत घातक गुण म्हणजे त्याचे मरण अनेकदा दिसत नाही. काही सर्व्हर प्रणाली सुरू होताना बूट कार्डावरील सारा मजकूर स्मृतीत उचलून घेतात आणि मग कार्डाकडे क्वचितच वळतात. एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालविणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या अशाच चालत. कार्ड मधेच निकामी झाले, तरी सर्व्हर महिनोन्महिने चालत राही. मग एखाद्या दिवशी वीज जाई आणि परत आल्यावर सर्व्हर उठतच नसे. लोक त्या दिवशीच्या विजेला दोष देत. प्रत्यक्षात मरण केव्हाच येऊन गेलेले असे.

एप्रिल २०२० मध्ये आलेल्या याच प्रणालीच्या ७.० आवृत्तीने बूट साधनावरील विभागांची रचना बदलली. त्या साधनावर होणारे लेखन वाढले आणि पूर्वी बिनघोर चालणारी मेमरी कार्डे व पेन ड्राइव्ह जगभर खराब होऊ लागले. २०२१ मध्ये कंपनीने केवळ कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर विसंबून राहण्याची पद्धत मोडीत काढण्याचे जाहीर केले आणि टिकाऊ डिस्क वापरण्याचा सल्ला दिला. तोवर सर्व्हर बनविणाऱ्या कंपन्याही दोन कार्डांच्या जागी दोन छोटी एम-टू एसएसडी देऊ लागल्या होत्या. डेलचे 'बॉस' नावाचे कार्ड हे त्याचे एक उदाहरण. त्यात दोन्ही एसएसडीवर एकच मजकूर लिहिला जातो आणि एक गेले तरी दुसऱ्यावर सर्व्हर सुरू होतो.

रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे संगणकही आज सर्व्हरची कामे करतात आणि तेही बहुधा मेमरी कार्डावरूनच सुरू होतात. जंगलालगतच्या गावांत छोट्या यंत्रणांचे महत्त्व वाढत आहे. २०२३ मध्ये ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे वन्यप्राण्याची चाहूल लागताच इशारा देणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित यंत्रणा बसविण्यात आली. अशा कोणत्याही यंत्रणेच्या बाबतीत एक प्रश्न आधीच विचारायला हवा : रात्री वीज जाऊन आल्यावर ती आपोआप सुरू झाली, हे कोण पाहणार? इशारा आला नाही, म्हणजे वाघ नाही, असे समजून माणूस पहाटे शेताकडे निघतो. यंत्रच झोपलेले असेल, तर त्या शांततेचा अर्थ निराळा होतो.

जपावे कसे?

पहिली गोष्ट, बूट साधन जोडीने असावे. दोन एसएसडी आरशासारखी एकमेकांची प्रत ठेवतील, अशी मांडणी बहुतेक सर्व्हरमध्ये करता येते. मात्र आरसा बसविला म्हणजे काळजी मिटली, असे नाही. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढलेली दोन कार्डे सारखेच लेखन झेलतात आणि साधारण एकाच सुमारास झिजतात. त्यातले एक गेल्याची सूचना यंत्र देते. पण ती पिवळ्या दिव्याच्या रूपाने, कोपऱ्यात. ती कोणी पाहिली नाही, तर जोडीचा उपयोग काय? आठवड्यातून एकदा दिवे पाहणे आणि सूचना ई-मेलने येतील अशी व्यवस्था करणे, हे जोडीइतकेच महत्त्वाचे.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी येथे एक खाचखळगा आहे. कार्यप्रणालीचा विभाग दोन्ही डिस्कवर आरशासारखा असला, तरी बूटलोडरचा छोटा विभाग अनेकदा पहिल्याच डिस्कवर असतो. पहिली गेली की दुसरीवर सारे काही असते, फक्त सुरुवात करणारा तुकडा नसतो. तो दुसऱ्या डिस्कवरही बसवून, पहिली डिस्क काढून ठेवून सर्व्हर सुरू होतो का, हे एकदा पाहूनच खात्री पटते.

दुसरी गोष्ट, प्रत. माहितीची प्रत निराळी आणि बूट साधनाची निराळी. बूट साधनाची संपूर्ण प्रतिमा, यंत्राची मांडणी, जाळ्यातील पत्ते, परवाना क्रमांक आणि कुलूपबंद डिस्कचे पुनर्प्राप्ती क्रमांक हे सारे त्या यंत्राच्या बाहेर असले पाहिजे. पुनर्प्राप्ती क्रमांक कागदावर छापून तिजोरीत ठेवण्यात काही मागासलेपणा नाही. प्रणालीत मोठा बदल केला की प्रतिमा नव्याने घ्यावी. सहा महिन्यांपूर्वीची प्रत सहा महिन्यांपूर्वीचाच सर्व्हर परत देते.

तिसरी गोष्ट, लेखन कमी करणे. नोंदींच्या फाइली आणि तात्पुरता मजकूर बूट कार्डाऐवजी माहितीच्या डिस्कवर वळवता येतो. रास्पबेरी पायसारख्या संगणकात कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवून बदल स्मृतीतच करण्याची सोय प्रणालीतच दिलेली आहे. ज्या यंत्राचे काम ठरीव आहे, त्याच्यासाठी ही सोय उत्तम. अवचित वीज गेली तरी लिहिणेच चालू नसल्याने कार्ड खराब होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

चौथी गोष्ट, यूपीएस. केवळ बॅटरी असून भागत नाही. बॅटरी संपत आल्याचा निरोप केबलने सर्व्हरला मिळाला पाहिजे आणि सर्व्हरने स्वतःहून रीतसर बंद झाले पाहिजे. अनेक कार्यालयांत ही केबल यूपीएसच्या खोक्यातच पडून असते. शिवाय शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात यूपीएस सर्व्हरइतक्याच थंड जागी ठेवायला हवा.

आणि पाचवी, तालीम. मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, सर्व प्रती घेऊन झाल्यावर सर्व्हर रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा. तो उठला नाही, तर तंत्रज्ञाला बोलावण्यासाठी रस्ता मोकळा आहे. हाच शोध जुलैत, नदी पुलावर आलेली असताना लागणे फार महागात पडते. त्यानंतर राखीव साधनावर प्रतिमा उतरवून त्यावरूनही एकदा यंत्र सुरू करून पाहावे. न तपासलेली राखीव प्रत म्हणजे न उघडलेले पोते. आत धान्य आहे की भुसा, हे सांगता येत नाही.

काढण्याआधी थांबा

जंगलात कॅमेरा ट्रॅप वापरणाऱ्यांना बूट साधन कसे काढावे, हे समजावून सांगणे सोपे आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६ हजार ८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. गिनीज बुकात नोंद झालेल्या या प्रचंड कामाचा सारा मजकूर मेमरी कार्डांतून गोळा झाला. आधी कॅमेरा बंद करायचा, मग कार्ड काढायचे आणि कार्डावर जागेची नोंद करायची, हा त्या कामातला पहिला धडा. सर्व्हरचा धडाही तोच आहे, फक्त पायऱ्या थोड्या अधिक.

प्रथम ताजी प्रत घ्यावी आणि ती वाचता येते याची खात्री करावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर पुनर्प्राप्ती क्रमांक हाताशी ठेवून ते संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. अन्यथा बदललेले यंत्र पाहून ती दार उघडण्यास नकार देईल. मग वापरणाऱ्यांना कळवून सर्व्हर कार्यप्रणालीतूनच बंद करावा. भिंतीवरचे बटण दाबणे म्हणजे बंद करणे नव्हे.

त्यानंतर विजेच्या केबल काढाव्यात. येथे अनेकवचन महत्त्वाचे आहे. बहुतेक सर्व्हरना दोन वीजपुरवठे असतात आणि एक केबल काढली तरी यंत्रात वीज खेळत राहते. केबल काढल्यावर मिनिटभर थांबावे, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, शक्य तर मनगटाला जोडायचा पट्टा वापरावा. कोरड्या उन्हाळी हवेत कपड्यांच्या घर्षणाने निर्माण होणारी स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरते.

साधन उपसण्याआधी मोबाइलवर त्या जागेचे छायाचित्र घ्यावे. मेमरी कार्ड बहुधा हलके दाबले की बाहेर येते, ते ओढू नये. एम-टू एसएसडीच्या टोकाला बारीक स्क्रू असतो. तो काढला की पट्टी तिरकी वर येते, मग अलगद ओढावी. काढलेले साधन स्थिर वीजरोधक पिशवीत घालून त्यावर यंत्राचे नाव, जागा व तारीख लिहावी.

यंत्र चालू असताना साधन बदलण्याची सोय काही नव्या सर्व्हरमध्ये आहे. डेलच्या 'बॉस'ची दुसरी आवृत्ती मागच्या बाजूने, यंत्र बंद न करता बदलता येते. पहिल्या आवृत्तीसाठी मात्र यंत्र बंद करून उघडावे लागते. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय चालू यंत्रात हात घालू नये. जोडीतील एक बिघडलेले असताना तर दुप्पट सावधगिरी हवी. घाईत बिघडलेल्याऐवजी धडधाकट साधन उपसले गेले, की उरलेला एकमेव आधार स्वतःच्या हाताने काढल्यासारखे होते. अनुक्रमांक जुळवून आणि ओळखदिवा लुकलुकवून खात्री केल्याशिवाय हात पुढे करू नये.

नवे साधन बसविल्यावर बूट ऑर्डर तपासावी. जुने साधन आणि त्याची हुबेहूब प्रत दोन्ही एकाच यंत्रात ठेवू नयेत. दोहोंची अंतर्गत ओळख एकच असल्याने यंत्र नेमके कशावरून सुरू झाले, हे कळत नाही आणि काही दिवसांनी आपण जुन्यावरच काम करत होतो, असे ध्यानात येते. सर्व्हर दोनदा बंद-चालू करून पाहावा. सर्व ठीक आहे असे दिसले, तरी जुने साधन काही दिवस जपून ठेवावे.

काढलेल्या तुकड्यात काय उरते?

बूट साधनावर माहिती नसते, फक्त कार्यप्रणाली असते, हा गैरसमज महागात पडू शकतो. त्यावर संकेतशब्दांच्या नोंदी, जाळ्याच्या किल्ल्या, दूरच्या यंत्रांत शिरण्याचे परवाने आणि वापरणाऱ्यांची नावे असू शकतात. गोदामातले धान्य नसले, तरी किल्ल्यांचा जुडगा त्यावर असतो.

मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेला याचा धडा मिळाला. जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम तिने या विषयाचा अनुभव नसलेल्या, सामान हलविणाऱ्या कंपनीकडे सोपविले. ग्राहकांची माहिती असलेली साधने पुढे लिलावातून विकली गेली. शाखांतील ४२ सर्व्हरचा तर हिशेबच लागेना. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने या प्रकरणी ३ कोटी ५० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

पुसणे हेही वाटते तितके सरळ नाही. फाइल डिलीट केली की केवळ तिचा पत्ता पुसला जातो. हार्ड डिस्कवर नवा मजकूर लिहून जुना झाकता येत असे. परंतु एसएसडीमध्ये झीज वाटून देणारी व्यवस्था नवे लेखन निराळ्याच घरात करते आणि जुने घर तसेच राहू शकते. त्यामुळे साधनाच्या निर्मात्याने दिलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. साधन पहिल्या दिवसापासून कुलूपबंद ठेवले असेल, तर किल्ली नष्ट करणे पुरते. साधे मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह यांत बहुधा अशी भरवशाची आज्ञा नसते. आतील चिप फुटेल अशा रीतीने ते मोडणे, हाच निर्धोक मार्ग.

मोडलेला तुकडा कचऱ्याच्या ढिगावर जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे गेला पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्येच संमत झाला असून, माहिती बाळगणाऱ्याने ती सांभाळली पाहिजे आणि गरज संपल्यावर पुसली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची माहिती हाताळणाऱ्या छोट्या संस्थांनीही याचा विचार आताच केलेला बरा.

या सर्वाला लागणारा खर्च फार नाही. एक जास्तीची एसएसडी, एक नाण्याएवढा सेल, स्थिर वीजरोधक पिशवी, क्रमांक लिहिलेला कागद आणि एका सुट्टीचा अर्धा दिवस. सामग्री सर्व्हरच्याच खोलीत, पण थंड कपाटात, कुलपात असावी. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे किमान दोघांना ठाऊक असावे. तंत्रज्ञ फोनवरून एकेक पायरी सांगेल आणि येथला कर्मचारी ती करील, इतके स्वच्छ मराठीत लिहिलेले टिपण सोबत असावे. पुरात दूरध्वनीही बंद पडू शकतो, म्हणून ते छापलेले असावे.

मृग नक्षत्राआधी छप्पर शाकारायचे आणि कणगी भरायची, ही या भागाची जुनी रीत. त्याच यादीत आता आणखी एक ओळ लिहायला हवी : सर्व्हर एकदा बंद करून सुरू करून पाहिला का?